तऱ्हेवाईक विनोदी ॲनिमेशन करून आयुष्य काढता येतं का?

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो, वय २७. ॲनिमेशनचा डिप्लोमा झालाय आणि चार वर्षं एका स्टुडिओत मुलांच्या मालिकेसाठी कट-आउट ॲनिमेशन करतोय. मला स्वतःच्या तऱ्हेवाईक, विनोदी छोट्या फिल्म्स करायच्या आहेत, पुढे दिग्दर्शक व्हायचंय. एक कल्पना डोक्यात आहे: खाडीत एका पायावर इतका वेळ उभा राहिलेला फ्लेमिंगो, की दुसरा पाय कुठे ठेवलाय हेच तो विसरलाय. घरी विचारतात, यात पुढे काय? नोकरी सोडू का? मोठ्या संस्थेत जाऊन शिकू का? की उशीर झालाय?

उत्तर:

उशीर झालेला नाही, आणि नोकरी आत्ता सोडू नका. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचता येईल.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. २६ वर्षं या कामात आहे. सुरुवात क्लीनअपपासून केली: लाइटबॉक्सवर दुसऱ्याच्या कच्च्या चित्रावर कागद ठेवायचा आणि तीच रेघ पक्की काढायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मग इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणं, मग ॲनिमेशन, मग सात वर्षं नुसते स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट शॉटमागून शॉट चित्रांत मांडणं. गेली ११ वर्षं मी स्वतः छोट्या विनोदी फिल्म्स दिग्दर्शित करते. वर्षातले सात-आठ महिने मागणीचं काम असतं, म्हणजे जाहिराती, मालिकांचे भाग, संस्थांसाठी माहितीपर फिल्म्स. उरलेल्या वेळात माझं स्वतःचं. घर यावरच चालतं. तेव्हा आयुष्य काढता येतं.

तुमचा फ्लेमिंगो मला मनापासून आवडला. एका वाक्यात सांगितला की डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि उभा राहिला की आता हा काय करणार असं वाटायला लागतं. खरा पक्षी घेऊन हे कॅमेऱ्याने करता येणार नाही, म्हणजे ही कल्पना हक्काने ॲनिमेशनची आहे. त्याच्याकडे शेवटी परत येते.

चार वर्षं रिग, म्हणजे सांध्यांवर हलणारी तयार डिजिटल बाहुली, हलवणाऱ्या माणसाला साहजिकच वाटतं, की आपलं ॲनिमेशन आणखी सुधारलं की एक दिवस आपण दिग्दर्शक होऊ. तसं होताना मी फार क्वचित पाहिलंय. चांगल्या ॲनिमेटरचा रस्ता सीनियर, लीड, सुपरवायझर असा जातो आणि तो मानाचा रस्ता आहे. दिग्दर्शनाचा रस्ता स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिकमधून जातो. तुम्हाला माहीत आहेच, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजासकट वेळेत लावली की ॲनिमॅटिक होतो. त्यात हलत काहीच नाही, पण कुठलं चित्र किती वेळ दिसणार हे ठरलेलं असतं. विनोदी फिल्म तिथेच जमते किंवा फसते. ॲनिमॅटिक बघताना न आलेलं हसू पुढे कितीही देखणं ॲनिमेशन केलं तरी येत नाही. माझ्या कामातून मला एवढी एकच गोष्ट पक्की कळलीय, आणि खाली जे काही सांगणार आहे ते तिच्याच भोवती फिरतं.

एक उदाहरण जरा जवळून दाखवते.

पाच वर्षांपूर्वी मी दोन मिनिटांची एक फिल्म केली: शिट्टी द्यायला लाजणारा कुकर. घरी पाहुणे आलेत. स्वयंपाकघरात आजी गॅसच्या बटणावर हात ठेवून तिसऱ्या शिट्टीची वाट पाहतेय. दोन झाल्यात. आणि कुकर बाहेरच्या खोलीतल्या अनोळखी माणसांकडे बघत तिसरी शिट्टी दाबून धरतोय. त्याचं पोट फुगत चाललंय, हँडल थरथरतंय. शेवटी शिट्टी येते ती एखाद्या भिडस्त माणसाने तोंडावर रुमाल धरून शिंकावं तशी. आजी त्याच्याकडे बघते आणि म्हणते, ‘ही धरायची का?’

या फिल्मचा सगळा जीव त्या शिट्टीच्या आणि आजीच्या वाक्याच्या मधल्या थांब्यात होता. सेकंदाला २४ फ्रेम्स. पहिल्या ॲनिमॅटिकमध्ये मी १८ फ्रेम्स ठेवल्या होत्या, म्हणजे पाऊण सेकंद. सोसायटीतल्या सहा जणांना घरी बोलावून दाखवला. कुणी हसलं नाही. ती शिट्टी होती हे त्यांच्या लक्षात यायच्या आत आजी बोलून मोकळी झाली होती. ३० फ्रेम्स केल्या तेव्हा दोघं हसले. ४४ फ्रेम्सना पहिल्यांदा सगळी खोली एकदम हसली, आणि हसू वाक्याच्या आधीच, आजीच्या नुसत्या बघण्यावर सुरू झालं आणि वाक्यावर फुटलं. मला मोह झाला, मी ६० केल्या. तेव्हा एका काकांनी खिशातून फोन काढला. परत ४४ वर आले. दर वेळी नवी माणसं बोलावली होती, कारण एकदा ऐकलेल्या विनोदावर माणूस आठवणीनेच हसतो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

आता त्या ४४ फ्रेम्समध्ये आजी करते काय? जवळजवळ काहीच नाही. चित्र संपूर्ण स्थिर ठेवलं तर ते मेलेलं दिसतं, म्हणून मान अगदी किंचित, केसभर पुढे सरकत राहते. विसाव्या फ्रेमला एकदा पापणी मिटते. हात बटणावरून हलत नाही. माझ्या ॲनिमेटरने आधी भुवया उडवल्या होत्या, तोंड उघडलं होतं, चांगली मेहनत केली होती. त्या सगळ्या हालचाली काढायला लावल्यावर त्याला वाईट वाटलं. पण आजीला आश्चर्य वाटलंय हे तिने दाखवलं की प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरत नाही. कामातली बाई आहे ती. तिच्या दृष्टीने प्रश्न फक्त हिशोबाचा आहे.

हा थांबा मला पुस्तकातून मिळाला नाही. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं आणि माझं लहानपण त्याच्या बाल्कनीत गेलं. आईला नाटकाचं वेड होतं. विनोदी नट हशा कसा घेतो ते वरून फार छान दिसतं. हसू चढत असताना तो गप्प उभा राहतो, रुमाल काढेल, खुर्ची सरकवेल, पण बोलणार नाही. आणि हसू पुरतं विरायच्या जरासं आधी, शेपूट शिल्लक असतानाच, पुढचं वाक्य टाकतो. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला हा थांबा एक असतो, आडवारी रात्रीच्या अर्ध्या भरलेल्या प्रयोगाला दुसरा. फिल्मला ही सोय नाही. ती हशासाठी थांबत नाही. म्हणून मोठ्या हशाच्या जागेनंतर दीड-दोन सेकंद मी गोष्टीतली कुठलीही गरजेची माहिती ठेवत नाही. तिथे काहीतरी बघायला असतं, ऐकायला नसतं. प्रेक्षागृह हसलं तर काही बुडत नाही, आणि मोबाइलवर एकटाच बघणारा माणूस गालातल्या गालात हसला तर त्याला पोकळी जाणवत नाही. तुम्ही ऐरोलीला आहात, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह जवळ आहे. महिन्यातून एक विनोदी नाटक बघा आणि शक्य असेल तर तेच नाटक दोनदा बघा. दुसऱ्या वेळी रंगमंचाकडे कमी आणि लोकांकडे जास्त.

विनोदाच्या बांधणीचं आणखी एक शिक्षण आपल्या घराघरांत होतं. ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवतात का? पानाला खिडकी कापलेली, तिच्यातून पुढच्या पानाचा एवढासाच तुकडा दिसणार. त्या तुकड्यावरून मन भलतीकडे धावणार, आणि पान उलटलं की चित्र अगदी साधंसुधं, घरगुती निघणार. आता हे स्टोरीबोर्डवाल्याच्या नजरेने बघा. खिडकी म्हणजे पहिला शॉट, क्लोज-अप. पान उलटणं म्हणजे कट. पूर्ण चित्र म्हणजे वाइड शॉट. आणि पान उलटताना हाताला जो वेळ लागतो, तोच तो थांबा. मी शिकवायला बसते तेव्हा पहिल्या आठवड्यात हेच करून घेते: दोन चित्रं, एक कट, शब्द नाही.

शब्द नाही यावर माझा भर का, तर शब्दांच्या आधाराने विनोद करायची सवय लागली की चित्र आळशी होतं. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी अनेक दशकं एकही ओळ न लिहिता मराठी माणसाला हसवलं. ज्यांनी त्यांची गणिताच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं बघितलीत, त्यांना अवघड गोष्टसुद्धा बिनशब्दांत गमतीची करता येते हे वेगळं सांगायला नको. आणि बिनशब्दांची फिल्म प्रवासही लांबचा करते. आपल्याच मुंबईतल्या वैभव स्टुडिओजने कार्टून नेटवर्कसाठी ‘लंपूट’ केलं. प्रयोगशाळेतून पळालेला एक नारिंगी लगदा, मागे लागलेले दोन डॉक्टर, छोटे छोटे भाग, संवाद जवळपास शून्य. ते जगभर बघितलं गेलं, आंतरराष्ट्रीय एमीच्या नामांकनापर्यंत पोचलं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारी लॅटव्हियाची ‘फ्लो’ ही फिल्म विनोदी नाही, पण तीही संवादाशिवायची आहे आणि ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेली आहे.

उलट टोकाचंही एक उदाहरण देते, कारण ते तुम्हाला उपयोगी पडेल. इंग्लंडच्या आर्डमन स्टुडिओत निक पार्कने १९८९ मध्ये ‘क्रिएचर कम्फर्ट्स’ ही पाच मिनिटांची क्ले फिल्म केली. खऱ्या माणसांना त्यांच्या राहत्या जागेबद्दल वगैरे प्रश्न विचारून आवाज रेकॉर्ड केले आणि ते प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातले. त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. तिथे विनोद लिहिलेला नाही, ऐकलेला आहे. खरा माणूस बोलताना अडतो, वाक्य अर्धवट सोडतो, नको तिथे श्वास घेतो, आणि ते अडखळणं कुठल्याही लेखकाला इतकं छान सुचत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज भेटणाऱ्या ग्रुपला विचारा, कोपरीतल्या मासळीवाल्या मावशींना विचारा, तुमच्या आजीला विचारा. परवानगी आधी घ्या, फिल्म कशासाठी आहे ते सांगा, आणि झाल्यावर त्यांना दाखवा. माझ्या आईचा आवाज मी तिच्या होकाराने एका म्हाताऱ्या कासवाला दिला होता. तिला तो इतका आवडला की पुढे दोन वर्षं ती घरी आलेल्या प्रत्येकाला ते कासव दाखवत होती.

आपल्याकडे ॲनिमेशन म्हणजे पुराणातल्या गोष्टी किंवा लहान मुलांची करमणूक, असा समज आहे, आणि तुमच्या घरच्यांच्या काळजीमागे थोडा तोही असेल. त्यांना सांगा, की १९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी या तंत्रात हात घातला तेव्हा त्यांनी केली ती ‘आगकाड्यांची मौज’. आगकाड्या हलवून, एकेक चौकट टिपून केलेली गंमत. म्हणजे तुमचा फ्लेमिंगो काही घराण्याबाहेरचा नाही. पुढे १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून फिल्म युनिट सुरू झालं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले गेलेले राम मोहन त्या पहिल्या पिढीतून तयार झाले. मुंबईत ज्यांनी ज्यांनी हे काम केलं त्यांच्यातल्या बहुतेकांची शिकवणी कुठून तरी त्या खोलीपर्यंत जाऊन पोचते.

आता व्यवहार.

नोकरीत राहूनच विभाग बदला. तुमच्या सुपरवायझरला सांगा, की मला स्टोरीबोर्डच्या दुरुस्त्या करायला द्या. प्रत्येक मालिकेत दिग्दर्शकाने परत पाठवलेल्या बोर्डांचा ढीग असतो आणि ते काम कुणालाच नको असतं. तुम्ही मागून घ्या. दुसऱ्याचा बोर्ड दुरुस्त करताना दिग्दर्शक काय बदलतो, का बदलतो हे जितकं कळतं तितकं कुठल्या वर्गात कळत नाही. कट-आउटमध्ये चार वर्षं काढल्याचा इथे फायदाच होईल, कारण रिगला काय झेपतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रिगवर विनोद बहुधा कुठे मरतो, तर चेहरा नेहमीच्या सात-आठ तोंडांत अडकतो तिथे. ज्या एका क्षणासाठी सगळी गोष्ट रचली आहे, त्या क्षणापुरता रिग सोडून हाताने चित्र काढा. अशी दोनच चित्रं अख्ख्या भागाला तारतात.

शो-रील, म्हणजे कामाचे नमुने दाखवणारी छोटी फिल्म, तीही त्यानुसार वेगळी करा. स्टोरीबोर्डसाठी मागणाऱ्याला वॉक सायकल, म्हणजे पात्राची नुसती चाल, नको असते. तीन छोटे प्रसंग द्या, त्यातला एक बिनशब्दांचा, एक निव्वळ बोलण्याचा. मी माणसं निवडते तेव्हा पहिल्या २० सेकंदांत एकदा तरी हसू आलं का, एवढंच बघते.

स्वतःची फिल्म ९० सेकंदांच्या वर नेऊ नका. हिशोब सांगते. एका मिनिटाच्या १,४४० फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स धरलं तरी ७२० चित्रं. नोकरी सांभाळून, संध्याकाळी दोन तास आणि रविवार धरून, हाताने काढताना माझे आठवड्याला चार सेकंद होत असत. म्हणजे ९० सेकंदांना पाच महिन्यांच्या वर, आणि त्यात रंग, पार्श्वभूमी, आवाज धरलेले नाहीत. पाच मिनिटांची फिल्म सुरू करून तिसऱ्या वर्षी सोडून दिलेली गुणी मुलं मी बरीच पाहिली. त्यांच्याकडे दाखवायला काहीच उरलं नाही आणि ते बघून मला फार हळहळ वाटते. पूर्ण झालेलं एक मिनिट तुमच्यासाठी बोलतं. अर्धवट पाच मिनिटांबद्दल तुम्हालाच बोलावं लागतं.

हे काम ऑफिसच्या मशीनवर करू नका, ऑफिसच्या लायसन्सवर करू नका, आणि तुमचं नेमणूकपत्र आजच काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. फिल्मच्या बाबतीत कायद्याने ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. बाहेरचं काम करायला मनाई आहे का, स्वतःच्या वेळेत केलेल्या कल्पनेवरही हक्क सांगितलाय का, हे बघा. मी हे शिकले ते हात पोळून. तिशीत मी एक व्यक्तिरेखा रचली होती, छत्रीला घाबरणारा बेडूक. एका स्टुडिओला तो आवडला, त्यांनी कागद पुढे केला, मी आनंदाच्या भरात न वाचता सही केली. मालिका झाली नाही. पण बेडूकही परत मिळाला नाही. तो अजून कुठल्याशा कपाटात आहे आणि मी त्याला घेऊन एक रेघसुद्धा काढू शकत नाही. तेव्हापासून सही करण्याआधी वकिलाला दाखवते, आणि ठरावीक वर्षांत काही बनवलं नाही तर हक्क परत माझ्याकडे, हे कलम आग्रहाने घालून घेते. सगळेच देतात असं नाही. पण मागितल्यावर देणारे मला वाटले होते त्याहून जास्त निघाले. कथा आणि पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवता येते. खर्च फार नाही, करून टाका.

पुढे स्वतंत्र काम करायला लागाल तेव्हा पैसे टप्प्यांत घ्या आणि सगळ्यात मोठा टप्पा ॲनिमॅटिक मंजूर होण्याला बांधा. मंजुरीनंतर वेळ बदलायची असेल तर त्याचे पैसे वेगळे, हे आधीच लिहून द्या. कारण गिऱ्हाईकाला वाटतं ‘जरा लांबवा’ म्हणजे एक ओढ आहे, आणि तुमच्यासाठी ती ४८ नवी चित्रं असतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर कायद्याने तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. नुसता हा मुद्दा बिलावर छापायला लागल्यापासून माझे पैसे लवकर यायला लागले. बाकी टीडीएस, जीएसटी वगैरेसाठी एक समजूतदार सीए गाठा. आणि नोकरी कधी सोडायची, तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि किमान दोन गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा परत आली असतील तेव्हा. पहिल्यांदा येणारा ओळखीने येतो. दुसऱ्यांदा येतो तो कामामुळे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पवईला आयआयटीचं आयडीसी हे डिझाइनचं स्कूल आहे, तिथल्या ॲनिमेशनच्या मास्टर्ससाठी सीड ही प्रवेशपरीक्षा लागते. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे. आयडीसीत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी २०१३ मध्ये ‘गुपी गवैया बाघा बजैया’ ही पूर्ण लांबीची फिल्म केली, ती जरूर बघा. चित्रांची इतकी स्वतंत्र, खट्याळ भाषा आपल्याकडे क्वचित दिसते. या संस्थांत दोन-अडीच वर्षं डोकं मोकळं ठेवून काम करता येतं आणि आयुष्यभराचे सोबती मिळतात. परवडत असेल आणि प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला तर रडत बसू नका, मी स्वतः एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पुढे चित्रकलेची एकही परीक्षा दिलेली नाही. सॉफ्टवेअर तुम्हाला येतंच. स्वतःसाठी ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ यातलं काहीही घ्या, तिन्ही फुकट आहेत. एआयची भीती वाटत असेल तर मला वाटतं ते सांगते: क्लीनअप, इनबिटवीन यांची कामं घटतील, आणि त्या कामांवर मी उभी राहिले म्हणून मला त्याचं दुःख आहे. पण १८ फ्रेम्स की ४४ हे ठरवायला समोर सहा माणसं बसवावीच लागतात.

रोज स्केचबुक घेऊन अर्धा तास बाहेर बसा, एवढं मात्र सोडू नका. मी २६ वर्षं तलावपाळीला बसतेय. पाणीपुरी तोंडात गेल्यावर माणसाचे डोळे कसे होतात, बोटीत पाय ठेवताना जाड माणूस आधी कुणाकडे बघतो, हे तिथेच मिळालं.

फिल्म झाली की लगेच सगळीकडे टाकून देऊ नका. काही महोत्सव आधी प्रदर्शित झालेली फिल्म घेत नाहीत, म्हणून नियम वाचून वर्षभराचा क्रम आखा. आपल्या दारातला मोठा महोत्सव म्हणजे मिफ, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांच्यासाठीच. फिल्म नसेल तरी प्रेक्षक म्हणून जा. फ्रान्समधल्या ॲनसीला १९६० पासून ॲनिमेशनचा महोत्सव भरतो, जूनमध्ये. तिथे निवड होणं कठीण, पण ९० सेकंदांच्या विनोदी फिल्मला एक सोय असते: दोन जड फिल्म्सच्या मध्ये कार्यक्रम आखणाऱ्याला अशी फिल्म हवीच असते.

घरच्यांना तोंडी समजावू नका, ॲनिमॅटिक दाखवा. माझ्या वडिलांना माझं काम नेमकं काय, हे दहा वर्षं कळलं नव्हतं. एकदा त्यांना मी शेजारी बसवलं आणि तोच प्रसंग दोन वेगळ्या थांब्यांनी दाखवला. दुसऱ्याला ते हसले. मग म्हणाले, ‘म्हणजे तू हे मोजतेस?’ त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

आता तुमचा पक्षी. थंडी संपायच्या आत एकदा खाडीवर जा आणि दुर्बिणीतून तासभर त्याला बघा. त्याचा जो गुडघा उलटा वळतोय असं वाटतं तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. खाताना तो डोकं संपूर्ण उलटं करून चोच पाण्यात घालतो. म्हणजे दुसरा पाय शोधायला हा खाली वाकला की त्याला सगळं जग उलटं दिसणार, आणि पहिला पाय वरून खाली आलेला दिसणार. तुमच्या गोष्टीचं वळण मला तिथे दिसतंय: तो ज्या पायावर उभा आहे त्यालाच हरवलेला पाय समजेल, आणि ‘सापडला’ म्हणून आनंदाने तो उचलेल. त्यानंतर पाण्यात पडण्याच्या आधीचा थांबा हीच तुमची फिल्म आहे. भोवतीचे बाकीचे फ्लेमिंगो तेव्हा काय करत असतील ते ठरवा. माझा कौल, कुणीही वळून बघणार नाही. फक्त एक जण हळूच स्वतःचा पाय आहे ना, ते चाचपून घेईल.

बारा-पंधरा चित्रं काढा, तोंडाने आवाज करून फोनवर रेकॉर्ड करा, आणि ॲनिमॅटिक लावा. रंग नकोत, पार्श्वभूमी नको. पडण्याआधीचा थांबा २४, ३६ आणि ५० फ्रेम्स असे तीन प्रकार करून तीन वेगवेगळ्या घरांत दाखवा, आणि कोण कुठे हसलं ते फ्रेमच्या आकड्यासकट मला लिहून पाठवा.